परत आलेला डबा काय सांगतो?

संध्याकाळी दप्तरातून डबा बाहेर येतो, झाकण निघते आणि सकाळी दिलेली पोळी-भाजी जवळजवळ जशीच्या तशी समोर दिसते. एखाद्या पोळीचा तुकडा मोडलेला असतो, भाजीला आंबूस वास सुटलेला असतो. "डबा का खाल्ला नाहीस?" या प्रश्नाची उत्तरे ठरलेली आहेत. "भूक नव्हती," "वेळच मिळाला नाही," "गार झाली होती." त्यावर घरातून जे बोलणे होते तेही बहुतेक घरांत ठरलेलेच असते. सकाळी पाचला उठून केलेल्या स्वयंपाकाची आठवण करून दिली जाते, फाटकाबाहेरच्या गाडीवरील वडापावचा उद्धार होतो, आणि विषय तिथेच संपतो.

वाचकहो, आठवी ते दहावीतील मुलांच्या आहाराविषयी आपण जेव्हा बोलतो, तेव्हा बहुधा 'मुले काय खातात' याचीच चर्चा करतो. ती आवश्यक आहेच. परंतु या वयातील मुले केव्हा खातात, किती वेळ उपाशी राहतात आणि त्या काळात त्यांचे शरीर काय मागत असते, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. पहिल्या तासाला पेंगणारे, दुपारी घरी येताच आडवे होणारे, संध्याकाळी अभ्यासाला बसताच चिडणारे मूल आळशी ठरते. त्याला किंवा तिला आळशी ठरवण्यापूर्वी त्या परत आलेल्या डब्याकडे नीट पाहावे, एवढीच या लेखाची विनंती आहे.

दोन वेळापत्रके

माध्यमिक शाळेतील एखाद्या मुलीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळची शाळा सात-सव्वासातला भरते. शहरात असेल तर साडेसहाला रिक्षा दारात येते, खेड्यात असेल तर पहिली एस.टी. गाठायची असते. उठणे, आवरणे, दप्तर भरणे यांत पाऊण तास जातो. हातात चहाचा कप आणि दोन बिस्किटे पडतात, कधी तेवढेही नाही. आदल्या रात्री जेवण नऊला झाले असेल, तर साडेनऊ-दहाच्या मधल्या सुट्टीपर्यंत साडेबारा-तेरा तास पोटात काहीच गेलेले नसते. मधली सुट्टी वीस-पंचवीस मिनिटांची. त्यात हात धुण्याची रांग, स्वच्छतागृहाची रांग, मैत्रिणींशी बोलणे आणि कधी अपुरी राहिलेली वही पूर्ण करणे. डबा उघडला जातो, दोन घास खाल्ले जातात, घंटा होते. दुपारी दीडला घरी आल्यावर भूक मेलेली असते. मग थोडे जेवण, थोडी झोप, चारला शिकवणी. शिकवणीहून येताना काहीतरी चटपटीत खाल्ले जाते आणि रात्री नऊला सर्वांसोबत दिवसातील खरे जेवण होते. सर्वांत जास्त खाणे झोपण्याच्या तोंडावर आणि सर्वांत कमी खाणे सर्वांत जास्त कष्टाच्या वेळी, असा हा उलटा दिवस आहे.

सकाळी भूक नसते, ही मुलांची तक्रार खोटी नाही. पौगंडावस्थेत शरीराचे झोपेचे घड्याळच पुढे सरकते. झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचा स्राव या वयात रात्री उशिरा सुरू होतो. त्यामुळे लवकर झोप येत नाही आणि पहाटे जाग येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. माध्यमिक वर्गांना मात्र तो लागू नाही. रात्री उशिरा झालेले भरपेट जेवण, अपुरी झोप आणि पहाटेची घाई एकत्र आल्यावर साडेसहाला पोळी-भाजी घशाखाली न उतरणे स्वाभाविक आहे. स्वयंपाकघराचे वेळापत्रक आणि मुलाचे वेळापत्रक अशी दोन वेळापत्रके एकाच घरात चालतात आणि त्यांची गाठ पडत नाही. परत आलेला डबा ही त्याची पहिली खूण होय.

शरीराची मागणी किती?

अर्भकावस्थेनंतर माणसाचे शरीर इतक्या झपाट्याने पुन्हा वाढते ते याच वयात. उंची वाढते, स्नायू भरतात, हाडांत कॅल्शियम साठते, रक्ताचे आकारमान वाढते. मुलींना पाळी सुरू होते आणि दर महिन्याला रक्तासोबत लोह बाहेर पडू लागते. हाडांची जी पुंजी या वर्षांत साठते तिच्यावर पुढे आयुष्यभर भागवावे लागते. चाळिशीनंतर ठिसूळ होणाऱ्या हाडांची कहाणी पुष्कळदा पंधराव्या वर्षीच सुरू झालेली असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २४०० उष्मांक, ४३ ग्रॅम प्रथिने, ३० मिलिग्रॅम लोह आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असते. याच वयाच्या मुलाला सुमारे २८६० उष्मांक, ४५ ग्रॅम प्रथिने, २२ मिलिग्रॅम लोह आणि तितकेच कॅल्शियम लागते. मुलीची उष्मांकांची गरज मुलापेक्षा कमी आहे, पण लोहाची गरज मात्र बरीच अधिक आहे. म्हणजे तिला कमी अन्नातून जास्त लोह मिळवायचे असते. आपल्या अनेक घरांत आजही चांगला घास आधी मुलाच्या ताटात पडतो आणि मुलगी आईसोबत मागाहून जेवते. शास्त्राचे गणित पाहिले तर ही रीत नेमकी उलट आहे, हे ध्यानात येईल.

नववीत थांबणारे जेवण

शासकीय आणि अनुदानित शाळांत शिकणाऱ्या लक्षावधी मुलांच्या बाबतीत या वयात आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली, महाराष्ट्रात 'शालेय पोषण आहार' म्हणून ओळखली जाणारी आणि २०२१ पासून 'पीएम पोषण' या नावाने चालणारी मध्यान्ह भोजनाची योजना आठवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला या जेवणातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा तिचा निकष आहे.

आता हिशेब पाहा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला दिवसाला ४३ ग्रॅम प्रथिने हवीत, त्यांतील जवळजवळ निम्मी या एका जेवणातून मिळू शकत होती. उष्मांकांचाही चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग त्यातून येत होता. ती नववीत गेली की खिचडीचे ते पातेले तिच्यापुरते बंद होते. शरीराची मागणी मात्र तशीच राहते, पुढच्या दोन-तीन वर्षांत ती आणखी वाढते. शाळा तीच असते, मैदान तेच असते. धाकटी भावंडे पंगतीत बसतात आणि ही व्हरांड्यातून पाहत जाते. ज्या घरात सकाळी दोघेही कामावर जातात आणि डबा देणे दररोज जमत नाही, त्या घरासाठी हा बदल मोठा असतो. मुलगा किंवा मुलगी नववीत जाणार असेल, तर नव्या वह्या-पुस्तकांबरोबर या जेवणाची सोय काय करायची, याचाही विचार त्याच उन्हाळ्यात व्हायला हवा.

थकवा आणि रक्तक्षय

प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन खाली बसणारी मुलगी प्रत्येक शाळेने पाहिलेली असते. तिला सावलीत बसवतात, पाणी देतात, "सकाळी काही खाल्ले नव्हतेस ना?" असे विचारतात आणि दुसरा तास सुरू होतो. पुष्कळदा कारण खरोखरच उपाशीपोटी असणे एवढेच असते. पण कितीतरी वेळा त्यामागे रक्तक्षय दडलेला असतो.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१.१ टक्के होते. म्हणजे दहावी-अकरावीच्या वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलींपैकी किमान एकीच्या रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन नसण्याची शक्यता आहे. हा आजार केवळ गरिबांच्या घरातला, असे समजण्याचेही कारण नाही. भरल्या घरातील मुलीही त्याला अपवाद नाहीत.

रक्तक्षय गाजावाजा करीत येत नाही. जिना चढताना धाप लागणे, सतत डोके दुखणे, चेहरा व पापण्यांची आतील बाजू फिकट दिसणे, नखे ठिसूळ होणे, हात-पाय गार पडणे, वाचलेले लक्षात न राहणे, कारण नसताना चिडचीड होणे, अशी त्याची लक्षणे आहेत. काही मुली गुपचूप कच्चे तांदूळ, पाटीची पेन्सिल, खडू किंवा माती खातात. ही खोड समजून त्यांना रागावले जाते, वस्तुतः ते शरीरातील लोहाच्या अभावाचे लक्षण असू शकते. लोहाचा साठा कमी होऊ लागला की हिमोग्लोबिन उतरण्याच्या आधीच थकवा आणि एकाग्रतेचा अभाव जाणवू शकतो. गुणपत्रिकेतील घसरण पाहून आपण शिकवणी बदलतो, मोबाइल काढून घेतो, पण बोटभर रक्त तपासून घेणे आपल्याला सुचत नाही.

ही तपासणी साधी आहे. बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींत आणि त्यापुढील मुलींत हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय मानला जातो. पंधरा वर्षांवरील मुलांसाठी ही मर्यादा १३ ग्रॅम आहे. मात्र आकडा कमी आला म्हणून दुकानातून टॉनिकची बाटली आणून विषय संपवू नये. लोहाचा अभाव हे सर्वांत मोठे कारण असले तरी एकमेव नव्हे. पोटातील जंत, ब-१२ जीवनसत्त्वाची किंवा फोलिक आम्लाची उणीव, पाळीतील अतिरक्तस्राव, थॅलॅसेमिया यांमुळेही हिमोग्लोबिन घटते. विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील काही समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो, त्याचाही विचार डॉक्टरांना करावा लागतो. म्हणून कारण शोधणे आणि उपचार ठरवणे हे काम डॉक्टरांवरच सोपवावे.

निळ्या गोळीची गोष्ट

शासनाच्या कार्यक्रमानुसार १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फोलिक आम्लाची निळी गोळी दिली जाते. सध्याच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. शिवाय वर्षातून दोन वेळा जंतनाशक अल्बेंडाझोलची गोळी मिळते. योजना चांगली आहे. पण आपल्या मुलीला विचारा की ती गोळी खरोखर गिळते का. "मळमळते," "तोंडाला घाण चव येते," "शौचाला काळे होते," अशी कारणे देऊन कित्येक गोळ्या खिडकीबाहेर जातात.

मळमळ होण्याचे मुख्य कारण उपाशीपोट हे आहे. सकाळपासून काही न खाल्लेल्या मुलीने ही गोळी घेतली, तर तिला त्रास होणारच. जेवणानंतर घेतलेली गोळी बहुतेकांना सोसते. शौचाचा रंग काळपट होतो तो न वापरल्या गेलेल्या लोहामुळे, त्यात भिण्यासारखे काही नाही. गोळीच्या आगेमागे चहा किंवा दूध घेऊ नये, पाणी किंवा लिंबाचे सरबत घ्यावे. एवढी माहिती घरी दिली, तरी पुढच्या आठवड्याची गोळी पोटात जाण्याची शक्यता वाढते. सिकलसेल किंवा थॅलॅसेमिया असलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र गोळीचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

फाटकाबाहेरची गाडी

डबा न खाणारे मूल उपाशी राहतेच असे नाही. शाळेच्या फाटकाबाहेर वडापाव, समोसा, तळलेल्या रंगीत नळ्या, पाच-दहा रुपयांच्या वेफर्सच्या पुड्या आणि शीतपेये असतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ आणि साखर अधिक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. आपल्या मुलाच्या शाळेबाहेर या नियमाचे काय झाले आहे, हे एकदा स्वतः उभे राहून पाहावे आणि पालक-शिक्षक संघाच्या सभेत बोलावे.

वडापावशी आपले वैर नाही. मित्रांबरोबर खाल्लेल्या गरम वड्याची गोडी ज्याने त्याने आपल्या शाळकरी वयात अनुभवलेली असते. महिन्यातून दोन-चार वेळा खाल्लेल्या वडापावने कोणाचे आरोग्य ढासळत नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा तो डब्याची जागा घेतो. मैद्याचा पाव, बटाटा आणि तेल यांतून पोट भरते, उष्मांक मिळतात, पण लोह, कॅल्शियम आणि प्रथिने नावापुरतीच मिळतात. ३०० मिलिलिटर गोड शीतपेयात चहाच्या सहा ते आठ चमच्यांइतकी साखर असते. ती पोटात गेल्यावर तासाभराने येणारी जेवणाची भूक मारली जाते. त्यामुळे काही मुले अंगाने भरलेली दिसतात आणि तरीही त्यांचे रक्त फिके असते. भरलेले पोट आणि पोसलेले शरीर यांतील हा फरक मुलांना समजावून सांगता येतो, फक्त तो रागावून सांगू नये.

पाण्याचाही इथेच उल्लेख करायला हवा. शाळेचे स्वच्छतागृह अस्वच्छ असेल, तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. डोकेदुखी, बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ यांचे मूळ अनेकदा तिथे असते. बाटली भरून दिली आणि ती भरलेलीच परत आली, तर मुलीला रागावण्याआधी शाळेतील स्वच्छतागृहाची चौकशी करावी.

आरसा, उपवास आणि डब्यातील पावडर

या वयात मुले स्वतःकडे इतरांच्या नजरेने पाहू लागतात. "किती जाड झालीस!" हे एखाद्या नातेवाइकाचे हसत बोललेले वाक्य एखाद्या मुलीला महिनोन् महिने दुपारचे जेवण टाळायला पुरते. मुलगा बारीक असेल तर त्याला "काडी पहिलवान" म्हटले जाते आणि तो व्यायामशाळेतील मित्राच्या सांगण्यावरून प्रथिनांच्या पावडरचा महागडा डबा मागू लागतो. ताटावर बसलेल्या मुलाच्या शरीराविषयी शेरे मारू नयेत, हा नियम घरातील सर्व वडीलधाऱ्यांनी पाळावा. वजन भराभर घटत असेल, पाळी थांबली असेल, जेवणानंतर मुलगी वरचेवर न्हाणीघरात जात असेल, तर त्याकडे हट्ट म्हणून न पाहता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

उपवासाविषयीही दोन शब्द. आठवड्याचा उपवास, त्यावर एखादी चतुर्थी किंवा एकादशी, अशी भर पडत गेली की वाढत्या मुलीचे महिन्यातील पाच-सहा दिवस साबुदाण्यावर जातात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने वा लोह नगण्य. श्रद्धेने उपवास करायचा असेल तर राजगिऱ्याची भाकरी, भगर, शेंगदाण्याची आमटी, दही, फळे आणि खजूर यांनी तो साजरा होऊ शकतो. आपल्या परंपरेत ही सारी सोय आधीपासूनच आहे.

मग काय करावे?

पहिली गोष्ट, सकाळच्या न्याहारीचा आग्रह 'पोटभर' यावरून 'थोडे तरी' यावर आणावा. साडेसहाला एक ग्लास दूध आणि राजगिऱ्याचा लाडू, नाचणीची आंबील, केळे आणि मूठभर शेंगदाणे, यांपैकी काहीही दोन मिनिटांत होते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे लक्षात घेतले तर आंबिलीची वाटी किती मोलाची आहे ते कळेल. चहाच हवा असेल तर तो न्याहारीनंतर तासाभराने किंवा संध्याकाळी द्यावा, कारण चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा येतो. रात्रीचे जेवण आठच्या सुमारास उरकले, तर सकाळी भूक आपोआप लागू लागते. ही सवय लागायला दोन-तीन आठवडे द्यावेत.

दुसरी गोष्ट, डबा मधल्या सुट्टीच्या मापाचा असावा. वीस मिनिटांत, गर्दीत, एका हाताने खाता येईल आणि गार झाला तरी चव राहील असा. धपाटे, मेथीची दशमी, थालीपीठ, मोड आलेल्या मटकीचे सारण भरलेली पोळीची गुंडाळी, उकडलेले अंडे, सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी. गुळगुळीत रस्सा आणि चार घड्यांच्या पोळ्या घरच्या ताटासाठी ठेवाव्यात. डब्यात काय असावे हे रविवारी मुलांबरोबर बसून ठरवावे आणि त्यातील एक पदार्थ त्यांनी स्वतः करावा. चौदा वर्षांच्या मुलाला थालीपीठ थापता यायला हरकत नाही. सर्वांचे डबे पहाटे एकट्या आईने भरावेत, ही अपेक्षा आता सोडून द्यायला हवी.

तिसरी गोष्ट, शाळेतून आल्यावरचे जेवण हे दिवसातील मुख्य जेवण मानावे. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक आणि ताटात लिंबाची फोड. ही फोड चवीसाठी असते तितकीच लोहासाठीही. धान्य, कडधान्य आणि पालेभाजी यांतील लोहाचा फार थोडा भाग शरीराला मिळतो, लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व तो भाग वाढवते. कडधान्यांना मोड आणल्यानेही हाच लाभ होतो. लोखंडी तव्यावरची भाकरी आणि लोखंडी कढईतील भाजीही थोडी भर घालते. जे मांसाहार करतात त्यांना मासे, सुकट, मटण यांतील लोह अधिक सहजतेने मिळते.

हे सारे खर्चिक आहे का? साधा हिशेब मांडू. ३० ग्रॅम मटकीच्या उसळीतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने, १०० ग्रॅम पिठाच्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीतून १०, तीन पोळ्यांतून ९, एक ग्लास दुधातून ६, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ आणि एका अंड्यातून ६. बेरीज ४५ ग्रॅम होते. अंडे चालत नसेल तर आणखी एक वाटी घट्ट वरण घ्यावे. पावडरचा डबा न आणताही गरज भागते.

लोहाचा हिशेब मात्र इतक्या सहज जुळत नाही. १०० ग्रॅम बाजरीतून सुमारे ६ मिलिग्रॅम लोह मिळते, तितक्याच तांदळातून एक मिलिग्रॅमही नाही. मटकी-चवळीसारख्या कडधान्यांत १०० ग्रॅमला ५ ते ८ मिलिग्रॅम असते, पण आपण एका वेळी खातो तीस ग्रॅम. वरचे सगळे ताट नीट खाल्ले, त्यात पालेभाजी घातली, तरी मुलीचे ३० मिलिग्रॅम भरता भरता दमछाक होते. मग जी मुलगी चहा-बिस्किटावर शाळेत जाते, डबा परत आणते आणि रात्री वरण-भात खाते, तिचे काय होत असेल? म्हणूनच बाजरी, कडधान्य आणि पालेभाजी रोजच्या ताटात असणे, निळी गोळी न चुकणे आणि वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासणे, या तिन्ही गोष्टी एकमेकींना पूरक आहेत.

प्रश्न बदलून पाहू या

दहावीचे वर्ष आले की घरात अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर लागते. त्याच्या शेजारी खाण्याच्या वेळांचा एक छोटा कागद लावावा. तो मुलाने स्वतःच्या हाताने लिहावा. कोणत्या वेळी भूक लागते, मधली सुट्टी किती मिनिटांची आहे, शिकवणीला जाताना वाटेत काय मिळते, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

आज संध्याकाळी डबा पुन्हा भरलेला परत येईल, तेव्हा "का खाल्ला नाहीस?" असे विचारण्याऐवजी "खायला किती वेळ मिळाला?" असे विचारून पाहावे. मिळणारे उत्तर शांतपणे ऐकावे. त्यात मधल्या सुट्टीची लांबी असेल, गार भाजी असेल, एखाद्या मैत्रिणीने केलेली थट्टा असेल, किंवा "हल्ली भूकच लागत नाही, सारखे दमायला होते" असे एखादे वाक्य असेल. हे शेवटचे वाक्य ऐकू आले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.